कडीवरची शिवण

॥ श्री ॥
तांबट आळी, नाशिक
१२ ऑगस्ट १९८३

सौ. चांगुणा हिला भागीवहिनीचा आशीर्वाद.

पत्र लिहायला तसं काही कारण नाही. आम्ही इथे जो तो आपापल्या जागी आहोत. तुमच्याकडे नांदगावला कोण कोण आहे, ते सवडीने कळव. तुझा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान गरम करून बांध आणि जिने चढू नकोस. तुझ्या घराला जिना नाही हे मला माहीत आहे, पण तू दुसऱ्यांच्या घरी चढत असशीलच.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहितेय. सून म्हणत होती मी लिहून देते. पण तिला दर ओळीला 'का?' विचारायची सवय आहे. माझी शाळा दुसरीपर्यंत, तेव्हा काना-मात्रा तुझी तू बघून घे.

माझ्या लेकाचं, कारभारीचं, बरं चाललंय. तुझ्या दादांच्या जागेवर बसतो, पण दादांसारखा नुसता बसत नाही, काम करतो. अलिगढचा साच्यातला माल आल्यापासून हातची कडी मागणारं गिऱ्हाईक कमी झालं. तरी जुन्या घरांचे दरवाजे अजून आमच्याकडेच येतात. मी कानस मारते. सगळे म्हणतात, आजी, आता बसून राहा. अरे, बसूनच तर मारते! कारभारीच्या लेकीचं, नवसाचं, ठरलं. मुलगा येवल्याचा, पैठणीच्या मागावर असतो. मार्गशीर्षात लग्न.

आता एक गंमत सांगते. मागच्या आठवड्यात सावळीराम मास्तर आले होते. हे तुमच्या नांदगावच्या शाळेत होते, बदली होऊन इकडे आले, नव्या वसाहतीत घर बांधलंय. पिशवीतून एक पितळी कडी काढली, दाराला आडवी सरकवतात ती, आणि म्हणाले, "आजी, हिला जोडीदारीण करून द्या. पुढच्या दाराला ही, मागच्या दाराला दुसरी."

मी कडी हातात घेतली. उलटी केली. मग चष्मा घातला.

"मास्तर, ही कुठल्या मोडीत सापडली? फार जुनी असेल."

"मोडीत कशाला? गेल्या दिवाळीला नवी घेतली, नांदगावच्या बाजारात. एक म्हातारा पोतं अंथरून बसतो. भाव करत नाही, बोलत नाही."

"आणि पट्टीवर ही शिवण कसली, ते विचारलं नाही?"

"विचारलं की. म्हणाला, नक्षी आहे ती."

चांगुणा, तू विसरली असशील म्हणून सांगते. कडीची दांडी दोन पट्ट्यांमधून सरकते आणि मधोमध तिला मूठ असते. तुझे वडील सांगायचे, आधी दांडी ओवा, मग मूठ ठोका. एवढंच. यात विसरण्यासारखं काही नाही. तुझे दादा आधी मूठ ठोकायचे. मग दांडी ओवायला गेले की मूठ पट्टीला अडायची. मग पट्टी करवतीने चिरायची, दांडी आत घालायची आणि चिरलेली पट्टी डाग देऊन परत सांधायची. एकदा चुकलं तर मी समजू शकते, सगळ्यांचं चुकतं. ह्यांचं प्रत्येक कडीला चुकायचं आणि प्रत्येक वेळी ह्यांना नव्याने आश्चर्य वाटायचं. गिऱ्हाइकाने विचारलं की मान वर न करता म्हणायचे, "नक्षी आहे ती." अख्ख्या आळीत अशी नक्षी दुसरं कोणी काढत नव्हतं. काढेल कशाला?

आणि वकिलांचा सिंह आठवतो? दारावर ठोकायला सिंहाचं तोंड ओतून दिलं, पण माती दाबताना दातच बुजले. सिंह हसरा निघाला. वकील म्हणाले, "देवराम, पक्षकार जरा दबकून आत यायला हवा रे. हा तर या, बसा, पाणी घेता का म्हणतोय." गोजराबाईंच्या देव्हाऱ्याला दोन्ही बिजागऱ्या डाव्याच केल्या. एकादशीला दार उघडेना. देव आत उपाशी, गोजराबाई बाहेर उपाशी.

असो. हे उगाच आठवलं. तुझे दादा घरातून गेले त्याला तेरा वर्षं झाली आणि त्यांचं सगळं रीतसर करूनही आता वर्ष उलटलं. मास्तरांच्या कडीचं पितळ मात्र अजून काळवंडलेलं नाही.

तो बाजारातला म्हातारा कोण, हे तुला ठाऊक असेल. नांदगाव काही मुंबई नाही. जोडीची कडी करायची तर मूळ कारागिराला विचारलेलं बरं, म्हणून विचारते. दुसरं काही नाही.

तुझी
भागीवहिनी


॥ श्री ॥
तांबट आळी, नाशिक
३ सप्टेंबर १९८३

सौ. चांगुणा हिला वहिनीचा आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. कांद्याचा भाव समजला. गुडघ्याचं समजलं. शेळी व्यायली, तिला दोन करडं झाली, तेही समजलं. मी जे विचारलं होतं त्याला कार्डावर जागा उरली नसावी.

मास्तरांच्या कडीचं सांगते. कारभारीला मी मूळ कडी दाखवली नाही. नुसतं तोंडाने सांगितलं, पट्टीवर शिवण हवी, गिऱ्हाइकाची हौस आहे. तो म्हणाला, "आई, मुद्दाम चूक करायची? मी नाही करणार. आजोबा वरून चिमटा फेकून मारतील." म्हणून मीच बसले.

आणि चांगुणा, चूक करायला बसले तर चूक येईना. पट्टी चिरली तर सरळ चिरली गेली. डाग दिला तर सपाट बसला. हात मुद्दाम वाकडा केला, तर कोणीतरी मुद्दाम हात वाकडा केलाय असं दिसायला लागलं. बायकोला नवऱ्याची नक्कल येत नाही, असं कुठे ऐकलंयस? दोन पट्ट्या वाया गेल्या. शेवटी वैतागून म्हटलं, मरू दे ती शिवण, साधीच कडी करू. दांडी घासली, मूठ ठोकली, ओवायला गेले, तर मूठ पट्टीला अडली.

मी मूठ आधी ठोकली होती.

परकर सुटला नव्हता तेव्हा या घरात आले, तेव्हापासून कानस हातात आहे. असं माझ्याकडून कधी झालेलं नाही. मग काय करणार, पट्टी चिरली, दांडी घातली, डाग दिला. शिवण हुबेहूब आली. मास्तर दोन्ही कड्या शेजारी ठेवून म्हणाले, "वा आजी! आता यातली माझी कुठली?" मला सांगता आलं नाही. दोन्ही त्यांना देऊन टाकल्या. आपल्या घरात एकही ठेवली नाही.

तरी ठोके ऐकू येतात. दुपारी आळी जेवायला उठते, सगळीकडचा आवाज बंद पडतो, तेव्हा येतात. दोन ठोके आणि थांबा. दोन ठोके आणि थांबा. ते तसेच ठोकायचे. मध्ये थांबून कसला विचार करायचे देव जाणे, चूक तर ठरलेलीच असायची. मी ताटावरून उठून कारखान्यात बघून येते. ऐरणीवर मांजर निजलेलं असतं. शेजारच्या आक्काबाईला विचारलं, तुला गं ऐकू येतात का? ती म्हणाली, "भागे, तांबट आळीत राहून ठोके ऐकू येतात म्हणून कोणी तक्रार करतं का?" बरोबर आहे तिचं. मी परत येऊन जेवते. भाकरी गार झालेली असते.

आता जे लिहायचं ते लिहिते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आपण इथे गंगेवर त्यांचं केलं. माणूस बारा वर्षं आला नाही की गेला असं धरतात, म्हणून धरलं. पळसाच्या पानांचा पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ. भटजी म्हणाले, उंची सांगा. मी म्हटलं, माझ्यापेक्षा चार बोटं कमी, टाचा उचलून चालायचे म्हणून बरोबरीचे दिसायचे. कारभारीने अग्नी दिला. नंतर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. लोक म्हणायला लागले, जिवाची काही इच्छा राहिली असेल, भागीबाई, काहीतरी कबूल करा. मी जे जे कबूल केलं ते तुला सांगत नाही. कावळा आलाच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आपण घरी आलो. वर्षभर मला वाटत होतं, माझं काय चुकलं. आता कळलं. कावळ्याला मेलेला माणूस लागतो.

आणि तू. शेजारचा बोकड कापला तरी रडणारी बाई तू. तुझ्या लग्नात इतकी रडलीस की वऱ्हाड घाबरलं, मुलीला झटके येतात की काय. त्या दिवशी सख्ख्या भावाचा पुतळा जळत होता आणि तुझे डोळे कोरडे. तू सारखी पलीकडच्या काठाकडे बघत होतीस. मी तेव्हाच पाहिलं होतं. बायका माझ्या बांगड्या फोडत होत्या, म्हणून विचारायचं राहून गेलं.

परवा भटजींना गाठलं. एका ओळखीच्या बाईचं म्हणून विचारलं, पुतळा जाळल्यावर माणूस परत आला तर? ते म्हणाले, "शास्त्रात आहे. तो मेलेलाच. त्याला तुपात न्हाऊ घालायचं, तो नव्याने जन्मला असं धरायचं, बारसं करायचं, सगळे संस्कार पुन्हा. आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं."

मी म्हटलं, "भटजीबुवा, त्या बाईला विचारायचं असतं का, की तुला हाच परत हवाय का म्हणून?"

ते म्हणाले, "तसं शास्त्रात नाही."

सर्वपित्री अमावास्या महिन्यावर आली. कारभारीने भटजींना सांगून ठेवलंय, बाबांचं पान वाढायचंय. एकदा जिवंत माणसाला पिंड दिला तो न कळून दिला. आता कळून कसा द्यायचा? आणि मार्गशीर्षात नवसाला हळद लावायची, तेव्हा मी पुढे उभी राहू की मागे? माझ्या कपाळाला काय लावायचं ते मला कळलं पाहिजे. मी रडणार नाही, ओरडणार नाही. मला फक्त हो किंवा नाही लिही. कांद्याचा भाव लिहू नकोस.

भागीवहिनी


॥ श्री ॥
तांबट आळी, नाशिक
२९ सप्टेंबर १९८३

चांगुणा,

तुझं 'हो' मिळालं. त्याच्या खालची चार पानंही मिळाली. दोनदा वाचली.

तर ते इगतपुरीला राहिले, मग मनमाडला, आणि मग तुझ्या पडवीत. आणि तुला गळ्याची शपथ घातली. बरं. शपथ पाळलीस म्हणून मी तुला बोलणार नाही. तुझ्या भावाने आयुष्यात एकच कडी नीट बसवली, ती तुझ्या तोंडाला.

आपण पुतळा जाळत होतो तेव्हा ते पलीकडच्या काठावर धुणं वाळत घातलं होतं त्याच्या आडून बघत होते, हे तू लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं. त्या दिवशी परत गेल्यावर तुला म्हणाले, "झालं एकदाचं. आता मला कोणी हसणार नाही." हेही लिहिलं नसतंस तर चाललं असतं. पण लिहिलंस. आणि शेवटी लिहिलंस, "वहिनी, तू त्या दिवशी हसलीस म्हणून दादा गेला."

तो दिवस मी दोन्ही पत्रांत टाळला. तू टाळला नाहीस.

माझ्या लेकीचं, रंगूचं, लग्न. मोरीच्या दाराला ह्यांनी स्वतः नवी कडी बसवली, पाहुणे येणार म्हणून. मुलाचे वडील आंघोळीला गेले आणि आतून कडी लावली. पट्टीवरचा डाग ओल्याने सुटला, दांडी तिरकी होऊन अडकली. बाहेर अंतरपाट धरलेला, मुहूर्त टळत चाललेला, आणि आतून व्याही ओरडतायत, "अहो, मला काढा! मंगलाष्टकं थांबवा!" भटजी म्हणाले, मुहूर्त थांबत नाही. व्याह्यांनी अक्षता मोरीच्या झरोक्यातून टाकल्या. ह्यांनी सगळ्या वऱ्हाडासमोर उकिडवं बसून करवतीने कडी कापली. दार उघडलं, व्याही पंचावर बाहेर आले आणि गरजले, "ही कडी कोणाची?" आणि ह्यांनी मान वर न करता सांगितलं, "नक्षी आहे ती."

मामंजींनी कपाळाला हात लावला. आणि मी हसले. पदर तोंडात कोंबला तरी हसले, मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची पानं वाढत होतो, तेव्हा बघितलं तर भिंतीवरची हातोडी आणि कानस नव्हती. ते नव्हते हे नंतर लक्षात आलं.

हो, हसले. तू तिथे असतीस तर तूही हसली असतीस. तू बाळंतीण होतीस म्हणून वाचलीस.

कारभारीला मी सांगितलं. सांगायलाच लागलं, भटजींना नको म्हणायचं तर कारण काय देणार? तो बिजागरी घासत होता. खाली ठेवली. म्हणाला, "आई, मी अग्नी दिलाय." मी म्हटलं, माहीत आहे, मी शेजारीच होते. तो म्हणाला, "ते बघत होते? मी अग्नी देताना बघत होते?" मी हो म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही, तेवढी शाळाच झाली नाही.

त्या दिवसापासून भट्टी पेटलेली नाही. सकाळी कोळसा भरतो, काडी ओढतो, काडी बोटापर्यंत जळत येते आणि तो फुंकून टाकतो. परत दुसरी ओढतो. सून म्हणाली, मी पेटवते. तिच्यावर खेकसला. कोणी बाबांचं नाव काढलं तर म्हणतो, "बाबा गेले. मी स्वतः केलंय त्यांचं." आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत बसतो. आता आळी जेवायला उठली तरी आमच्याकडे काही ऐकू येत नाही. आधी ठोके ऐकू यायचे तेव्हा मी घाबरायचे. आता येत नाहीत तर जास्त घाबरते.

मी तुझ्या भावाला मेलेलंच राहू दिलं असतं, चांगुणा. खरं सांगते. पांढऱ्या कपाळाची मला सवय झालीय, आणि हळद लावायला बाकीच्या बायका आहेत. त्यांना तुझ्या पडवीत सुख असेल तर राहा म्हटलं असतं. पण माझ्या पोराचा हात काडीला धजेना, हे मी बघत बसणार नाही.

आता पुढचं तुझ्यासाठी नाही. हा कागद त्यांच्या हातात दे आणि तू शेळीकडे जा.

अहो,

सर्वपित्रीला घरात स्वयंपाक होणार आहे. वडे, खीर, अळूची भाजी, सगळं. भटजींना मी नको सांगितलंय. तुपाची आंघोळ होणार नाही, एवढं तूप आपल्या घरात कधीच नव्हतं. बारसंही नाही. कानात नाव सांगायला तुमच्या आत्या लागतील, आणि त्या मेल्या. खऱ्या मेल्या.

मी हसले म्हणून गेलात असं चांगुणा लिहिते. तेवढ्यासाठी? मी तर लग्न करून आले तेव्हापासून हसत होते. वकिलांच्या सिंहाला हसले, गोजराबाईंच्या देवाला हसले. तुम्हाला ते तेव्हाच ऐकू आलं? की मांडवातले बाकीचे लोक हसले म्हणून माझं हसणं वेगळं वाटलं? हे मला विचारायचंय, आणि पत्रात विचारून मला उत्तर नको. तुमची उत्तरं मला माहीत आहेत.

कारभारी तुमच्याशी बोलणार नाही. कदाचित कारखान्याबाहेर येणारच नाही. तो म्हणेल हे माझे वडील नव्हेत, माझे वडील मी जाळले. त्यावर तुम्ही काही बोलायचं नाही. त्याच्या समोर जाऊन बसायचं, आणि त्याने बघेपर्यंत बसून राहायचं. तुम्हाला बसता चांगलं येतं. त्याला तुमचं तोंड दिसू द्या, मिशा असतील तर मिशा, दात पडले असतील तर पडलेले. आपण कोणाला जाळलं आणि कोणाला नाही, ते त्याच्या हाताला कळू द्या. मग तो तुम्हाला घराबाहेर काढेल तर निघून जा. मी अडवणार नाही. पण आधी या.

सकाळच्या गाडीने निघा म्हणजे पानं वाढायच्या वेळेला पोचाल. पान तुमच्याच नावाचं आहे. कावळ्यासाठी छपरावर ठेवणार नाही. आत, चुलीजवळ, पाटासमोर ठेवेन. आपल्या श्राद्धाला आपण जेवायला जायचं कसं, असा विचार करत थांबू नका. भूक लागलेली असेल तर या.

तुमची आता कोण लागते ते अजून ठरायचं आहे अशी,
भागी